गोव्याच्या दमट हवेतले घर: उष्णतारोधन आणि वीजबचतीची क्रमवार पद्धत

गोव्यातल्या घराला तापवणारी उष्णता मुख्यतः माथ्यावरून येते. राज्य साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे एप्रिलच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. ऑगस्टमधला सूर्य बहुधा ढगांआड असतो, पण एप्रिल-मेमधला पूर्ण तीव्रतेने छपरावर उतरतो. त्या दिवसांत कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असते, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने ते सौम्यच म्हणायचे. मात्र हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही आणि रात्रीही पारा पुरेसा उतरत नाही. त्यामुळे थंड देशांतल्यासारखे घराला सर्व बाजूंनी गुंडाळून घेणे इथे उपयोगाचे नाही, आणि राजस्थानातल्यासारख्या जाड भिंती व लहान खिडक्यांनीही काम भागत नाही.

इथल्या हवेत उपाययोजनेचा क्रम असा असावा, असे माझे ठाम मत आहे: आधी सावली, मग छपराचे उष्णतारोधन, मग वारा, त्यानंतर ज्या खोल्यांत वातानुकूलन यंत्र चालते त्यांचा बंदिस्तपणा, आणि सर्वांत शेवटी यंत्रे. हा क्रम उलटा करून आधी मोठा एसी घेतला, तर त्या यंत्राची बरीचशी ताकद स्लॅबशी झुंजण्यात जाते आणि बिल वर्षानुवर्षे भरावे लागते.

आधी मोजमाप

घर जुने असेल तर एकही रुपया खर्च करण्यापूर्वी वर्षभराची विजेची बिले समोर ठेवावीत आणि रुपये न पाहता युनिटे पाहावीत. जानेवारीतला वापर हा फ्रीज, दिवे, पंप, गिझर यांचा पाया मानता येतो, आणि एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमधला वापर त्याहून जितका जास्त तितका बहुतांशी थंडाव्यावरचा खर्च. हा फरकच लहान असेल, तर महागड्या उष्णतारोधक थरातून विजेची मोठी बचत होणार नाही. तिथे उपाय सुखासाठी करायचा की बचतीसाठी, हे मालकाने स्वतःशी आधी ठरवून घ्यावे.

दुसरे मोजमाप छताचे. हातात धरून रोखण्याचा इन्फ्रारेड तापमापक आता बाजारात सहज मिळतो. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी दुपारी चार वाजता आणि रात्री दहा वाजता प्रत्येक खोलीच्या छताचे, पश्चिमेच्या भिंतीचे आणि एखाद्या आतल्या भिंतीचे तापमान घ्यावे. आतली भिंत खोलीतल्या हवेच्या तापमानाजवळ असते, म्हणून तीच तुलनेची खूण धरावी. छत तिच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी तापलेले आढळले तर दोष छपराचा आहे. छत ठीक असून पश्चिमेची भिंत रात्री दहाला गरम लागत असेल, तर पैसा तिकडे वळवावा.

छपरावर सर्वाधिक लक्ष

सपाट गच्चीच्या स्लॅबचे गणित प्रत्येक मालकाने एकदा तरी स्वतः करून पाहावे. एखादा थर उष्णतेला किती अडवतो हे काढण्यासाठी त्याची मीटरमधली जाडी त्याच्या उष्णतावाहकतेने भागायची. काँक्रीटची वाहकता सुमारे १.५८ असल्याने १२५ मिलिमीटर स्लॅबचा रोध जेमतेम ०.०८ भरतो. त्यात आतल्या गिलाव्याचे ०.०२ आणि दोन्ही पृष्ठभागांलगतच्या हवेच्या पातळ थरांचे ०.२१ मिळवले की एकूण ०.३१ होतात. एक भागिले ही बेरीज म्हणजे यू-मूल्य, छपरातून उष्णता किती सहज आत येते ते सांगणारा आकडा. ते येते सुमारे ३.२. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी आणलेल्या इको निवास संहितेत छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावे असे म्हटले आहे. म्हणजे आपली नेहमीची उघडी गच्ची त्या मर्यादेच्या जवळपास पावणेतीन पट उष्णता आत सोडते.

आता त्याच स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस, म्हणजे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे फलक, घातले असे धरू. त्यांची वाहकता ०.०३२ च्या आसपास असते, म्हणून एकट्या या थराचा रोध १.५६ होतो आणि यू-मूल्य ०.५३ वर येते. २५ मिलिमीटर जाडीनेही ते ०.९२ इतके होऊन संहितेची मर्यादा पाळली जाते. हा फरक खोलीत कसा जाणवतो तेही पाहू. गच्चीचा पृष्ठभाग ५५ अंश आणि खोली ३० अंश असताना १२ चौरस मीटरच्या खोलीत उघड्या स्लॅबमधून सुमारे ११०० वॅट उष्णता शिरते, तर ५० मिलिमीटरच्या थरानंतर ती १६५ वॅटच्या आसपास राहते. प्रत्यक्षात काँक्रीट उष्णता साठवून ठेवत असल्यामुळे हा भार दुपारी थोडा कमी आणि रात्री जास्त असतो, आणि पंखा लावूनही अंगावर गरम झळ येते ती त्यामुळेच.

इथे एक रूढ समजूत दूर करणे आवश्यक वाटते. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घातला की घर थंड राहते, असे अनेक ठेकेदार सांगतात. विटेची वाहकता ०.८ धरली तर १०० मिलिमीटर कोब्याचा रोध ०.१२५ भरतो, म्हणजे अवघ्या चार मिलिमीटर एक्सपीएसइतका. कोब्याने पाण्याला उतार मिळतो, ते त्याचे खरे काम. पण उष्णतारोधक म्हणून तो जवळजवळ निरुपयोगी आहे, शिवाय स्लॅबवर मोठे वजन चढवतो आणि तडा गेल्यास आत पाणी धरून ठेवतो.

थरांचा क्रम चुकला तर चांगला मालही वाया जातो, आणि गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असल्यामुळे ही चूक पहिल्याच पावसात कळते. खालून वर असा क्रम धरावा: स्लॅब, त्यावर किमान शंभराला एक या प्रमाणात उतार देणारा थर, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग एक्सपीएसचे फलक, त्यावर पाणी खाली जाऊ देणारे जिओटेक्स्टाइल कापड, आणि सर्वांत वर जाळी घातलेले काँक्रीट किंवा फिकट रंगाच्या टाइल. वॉटरप्रूफिंग फलकांच्या खाली राहिल्याने ते उन्हापासून वाचते आणि जास्त टिकते. फलक बंद पेशींचे असल्याने पाणी शोषत नाहीत. ग्लासवूल किंवा रॉकवूल मात्र या जागी कधीही वापरू नये, कारण तंतूंमध्ये पाणी भरले की रोध नाहीसा होतो. फलक घालण्यापूर्वी गच्चीच्या कडा बांधून घेऊन ४८ तास पाणी साठवावे आणि खालच्या छताला कुठे ओल येते का ते तपासावे. ही चाचणी घाईत टाळली, तर पुढे गळतीचा शोध घेण्यासाठी वरचे सगळे उखडावे लागते. फोमच्या कोणत्याही फलकात वाळवी आणि मुंग्या वाट काढतात, म्हणून कडा सिमेंटच्या गिलाव्याने पूर्ण बंद कराव्यात आणि फलक अग्निरोधक प्रतीचेच मागावेत.

एवढा खर्च झेपत नसेल, तर पांढरा परावर्तक लेप हा सर्वांत स्वस्त उपाय. ताजा पांढरा लेप सुमारे ८० टक्के ऊन परत फेकतो, तर जुने उघडे काँक्रीट त्याच्या निम्मेही नाही. परंतु आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात गच्चीवर शेवाळ धरते आणि ऑक्टोबरमध्ये, नेमके ऊन तापते तेव्हा, पांढरी गच्ची काळी झालेली असते. त्यामुळे दरवर्षी पाऊस थांबल्यावर गच्ची ब्रशने घासून धुणे हा या उपायाचाच भाग समजावा. लेपाऐवजी पांढऱ्या चिनी मोझॅकचे तुकडे बसवले तर ती धुलाई बरीच सोपी होते.

गोव्यातल्या असंख्य घरांवर गळती थांबवण्यासाठी गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातलेले दिसतात. हे दुहेरी छप्पर उष्णतेसाठीही उत्तम ठरू शकते, कारण स्लॅबवर थेट ऊन पडत नाही. अट एवढीच की मधली हवा वाहती हवी. बऱ्याच ठिकाणी पावसाचे झोत आत येऊ नयेत म्हणून चारही बाजू पत्र्यांनी किंवा प्लॅस्टिकने बंद केल्या जातात. मग आत कोंडलेली गरम हवा बाहेर पडत नाही आणि तापलेल्या पत्र्याची झळ स्लॅबला लागत राहते. दोन समोरासमोरच्या बाजूंना तिरक्या पट्ट्यांची जाळी लावावी, म्हणजे पाऊस अडतो आणि वारा खेळतो. पत्रा पांढरा किंवा अगदी फिकट घ्यावा. गडद निळा आणि विटकरी दोन्ही टाळावेत. समुद्राजवळ खारी हवा साध्या पत्र्याला लवकर खाते, म्हणून तिथे अ‍ॅल्युमिनियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा घेणे पुढे स्वस्त पडते.

कौलारू घराची गोष्ट वेगळी आहे. मंगळुरी कौले, ज्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, ती स्वतः फारशी उष्णतारोधक नाहीत. त्यांचा गुण असा की सांध्यांतून गरम हवा सतत वर निघून जाते आणि कौले पातळ असल्याने सूर्य मावळताच निवतात. जुन्या घरांत त्याखाली लाकडी तक्तपोशी किंवा माळा असायचा आणि मधली मोकळी जागा उष्णता अडवायची. नव्याने छप्पर करताना वाशांवर सिमेंट बोर्ड, त्यावर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पडदा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा आणि शेवटी कौले अशी रचना करावी. उभ्या पट्ट्यांमुळे कौलांतून ठिबकलेले पाणी पडद्यावरून वळचणीपर्यंत वाहून जाते. चकचकीत पृष्ठभागासमोर किमान २५ मिलिमीटर हवेची पोकळी नसेल तर हा पडदा काहीच काम करत नाही, कारण तो उष्णता वहन होण्यापासून अडवत नाही, फक्त प्रारण (तापलेल्या पृष्ठभागाची दुरून लागणारी झळ) रोखतो. जुन्या छपराला आतून पडदा लावायचा असल्यास चकचकीत बाजू खाली, माळ्याच्या पोकळीकडे ठेवावी. वरच्या बाजूवर धूळ बसून चमक जाते.

खिडक्या: ऊन बाहेर, वारा आत

गोव्यातल्या आराखड्यातला खरा पेच पश्चिम दिशेचा आहे. दुपारी समुद्राकडून येणारा सुखद वारा पश्चिम-वायव्येचा, पावसाचा मारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, आणि दिवसातले सर्वांत त्रासदायक तिरके ऊनही पश्चिमेचेच. पश्चिम पूर्ण बंद केली तर वारा जातो, उघडी ठेवली तर ऊन आणि पाऊस आत येतो. जुन्या घरांनी याला दिलेले उत्तर म्हणजे खोल पडवी, ओसरी, बाल्कांव (दारापुढची बसायची जागा) आणि लांब वळचण. पर्वरीजवळच्या तोर्डा येथे वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेल्या ‘हाऊसेस ऑफ गोवा’ संग्रहालयात ही परंपरा नीट अभ्यासता येते. नव्या घरात पश्चिमेला किमान दीड-दोन मीटर खोल पडवी घ्यावी, किंवा जागा नसल्यास खिडकीबाहेर तिरक्या लाकडी अथवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची झडप बसवावी. आतला पडदा जाड असला तरी काच ओलांडून आलेले ऊन खोलीतच अडकते, म्हणून सावली नेहमी काचेच्या बाहेर हवी.

दक्षिणेच्या खिडक्यांचे गणित सोपे आहे. २१ डिसेंबरला गोव्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो, आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंशांवर. १.२ मीटर उंचीच्या खिडकीला विषुवदिनी पूर्ण सावली देण्यासाठी ३३ सेंटिमीटरचा छज्जा पुरतो, डिसेंबरात मात्र जवळपास एक मीटर लागतो. हिवाळ्यातही इथे उबेची गरज नसल्याने आणि पावसापासूनही बचाव होत असल्याने, मी ६० ते ७५ सेंटिमीटरपेक्षा लहान छज्जा सुचवणार नाही.

वाऱ्यासाठी संहिता उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश, असावे असे सांगते. १२ चौरस मीटरच्या खोलीला दोन चौरस मीटर उघडणारी जागा लागते. आता चार फूट बाय चार फुटांची सरकती खिडकी घ्या: तिचे एकूण क्षेत्र दीड चौरस मीटर, पण सरकत्या प्रकारात एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे हाती आले पाऊण चौरस मीटर. बिजागरीवर उघडणारी खिडकी मात्र जवळजवळ पूर्ण क्षेत्र देते. गेल्या काही दशकांत सरकत्या खिडक्यांनी आपल्या घरांतला वारा निम्म्यावर आणला, याची खंत वाटते. समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या असतील आणि दाराच्या वर जाळीचे झरोके असतील, तर दार लावूनही हवा खेळती राहते.

भिंती

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत गोव्यात स्थानिक, भट्टीत न भाजलेली आणि कामाला चांगली आहे. सावलीतल्या भिंतीला वेगळे उष्णतारोधन करण्याची गरज नाही. प्रश्न फक्त पश्चिमेच्या उघड्या भिंतीचा: नऊ इंची दगडी भिंतीतून उष्णता आत पोहोचायला सहा ते आठ तास लागतात, त्यामुळे दुपारी तीनचे ऊन रात्री दहाच्या सुमारास शयनगृहात येते. म्हणून जिना, न्हाणीघर, कोठार पश्चिमेला ठेवावे आणि निजण्याच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला. ते शक्य नसेल तर भिंतीपासून हातभर अंतरावर वेलींसाठी जाळी उभारावी, पुढे केळी-सुपारी लावावी, अथवा बाहेरून एएसी, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, ठोकळ्यांचा थर बांधावा. त्यांची वाहकता काँक्रीटच्या साधारण एकदशांश असते. उघड्या चिऱ्याची भिंत पावसाच्या बाजूला ठेवल्यास ती पाणी पिते, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णताही जास्त वाहते. त्या बाजूला गिलावा किंवा लांब वळचण हवीच.

एसीची खोली आणि हवेतली बाष्प

बाहेर ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. याचा अर्थ २७ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती हवा लागली की पाणी सुटते, जसे थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून सुटते. एसी २२ अंशांवर चालवलेल्या खोलीच्या शेजारच्या खोलीत, त्याच सामाईक भिंतीवर, कपाटामागे काळी बुरशी येते ती याच कारणाने. लोक मात्र नळाची गळती शोधत राहतात.

यावरून तीन गोष्टी ठरतात. पहिली, आपल्याकडे बाष्प बाहेरून आत जाते, म्हणून बाष्परोधक पडदा उष्णतारोधक थराच्या बाहेरच्या बाजूला लावावा. थंड देशांतल्या पुस्तकांतली आकृती याच्या उलट असते आणि ती जशीच्या तशी उचलल्यास ओल थरातच अडकते. दुसरी, बाहेरच्या भिंतीला आतून प्लॅस्टिकचा वॉलपेपर लावू नये. तिसरी, एसीचे तापमान २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाप्रमाणे एक अंश वाढवला की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते. भिंती ओल्या होत नाहीत हा त्याहून मोठा फायदा.

फटींचे महत्त्वही बाष्पामुळेच वाढते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली सगळी हवा एकदा बदलून वर सांगितलेली बाहेरची हवा आत आली, तर ती २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेवर आणण्यासाठी एसीला सुमारे ३८० मिलिलिटर पाणी गाळावे लागते, आणि ते तापमान कमी करण्याच्या कामाव्यतिरिक्तचे. दाराखालची फट, सरकत्या खिडकीची रूळपट्टी, एसीच्या नळ्यांचे भोक या तीन जागा ब्रशपट्टी, रबर आणि सीलंटने बंद केल्या तर काहीशे रुपयांच्या खर्चात मोठे काम होते. कौलांखालच्या खोलीत छत न करता एसी बसवणे पूर्ण व्यर्थ आहे. यंत्रही गरजेपेक्षा मोठे घेऊ नये. मोठे यंत्र खोली पटकन गार करून थांबते आणि हवा पुरेशी कोरडी होत नाही.

यंत्रे

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा, तर बीएलडीसी (ब्रशविना चालणाऱ्या) मोटरचा सुमारे ३० वॅटचा. दिवसाला बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात. एसी घेताना तारांकनाच्या पट्टीवरचा आयएसईईआर, म्हणजे यंत्राची हंगामभराची कार्यक्षमता सांगणारा, आकडा वाचावा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी बदलतात. छपरावर सौरसंच बसवायचा असल्यास पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान २०२४ मध्ये जाहीर झाले. संचाची सावली गच्चीवर पडते हा जोडलाभ. मात्र फलकांखाली गच्ची धुता येईल इतकी उंची ठेवावी, आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग व उष्णतारोधन संच बसण्यापूर्वी उरकावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा येथील मधल्या मजल्यावरच्या कुटुंबाला छपराची चिंता नाही. त्यांनी पश्चिमेच्या काचेबाहेर सावली, दाराखालच्या फटी आणि पंखे एवढेच हाती घ्यावे. बाहेरची झडप किंवा चिक लावण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि सर्वांनी एकाच नमुन्याचे बसवले तर दर्शनी भागही बिघडत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांनी गच्चीचा लेप किंवा थर हा विषय सर्वसाधारण सभेत वॉटरप्रूफिंगच्या दुरुस्तीसोबतच मांडावा, कारण उतार, मजुरी आणि पाणी साठवण्याची चाचणी दोन्ही कामांना सामाईक असते. हे काम नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांतच घ्यावे: स्लॅब पूर्ण वाळलेला नसताना लेप दिला तर तो पहिल्याच उन्हाळ्यात फुगून सुटतो. सभा गच्चीवरच्या थराला तयार नसेल, तर वरच्या मजल्यावरच्याने स्वतःच्या छताखाली जिप्सम बोर्ड आणि ५० मिलिमीटर रॉकवूल बसवता येते. त्याआधी मात्र स्लॅब एक पूर्ण पावसाळा न गळता गेलेला असावा.